सिंगखाम लुंग आणि भिंतीतून आलेली तार

सिंगखाम लुंगच्या लाल गाडीत चढणारा परदेशी माणूस कुठं निघालाय, हे त्यानं तोंड उघडायच्या आधीच लुंगला कळतं. खांद्याची पिशवी चपटी असेल तर स्वारी देवळं बघायला निघालेली. पिशवी चौकोनी असेल आणि झोपलेलं तान्हं मूल ठेवावं तशी ती अलगद मांडीवर ठेवली गेली, तर आत लॅपटॉप आहे. अशा माणसाला देवळात नेऊन उपयोग नाही. त्याला चांगलं इंटरनेट असलेल्या कॉफीच्या दुकानाशी सोडायचं, आणि तेही लवकर, कारण पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला त्याचा साहेब टेबलाशी येऊन बसलेला असतो.

लुंग म्हणजे काका. चियांगमाईच्या आमच्या सांतितम वस्तीत सिंगखामला सगळेच लुंग म्हणतात. त्याच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला न्हावीसुद्धा. वय त्रेसष्ट. पोट स्टिअरिंगला टेकलेलं, त्यामुळे डावं वळण घेताना त्याला श्वास आत ओढावा लागतो. एकतीस वर्षं तो ही गाडी चालवतोय. मागं समोरासमोर दोन बाकडी, वर छप्पर, उतरायचं झालं की दाबायला घंटी. पुढं काचेशी मोगऱ्याची माळ आणि ताईतांचा असा झुबका, की समोरचा रस्ता लुंगला त्यातूनच हुडकावा लागतो.

त्याच्या स्वतःच्या इंटरनेटचा पसारा तसा आटोपशीर. रोज सकाळी तो अठ्ठेचाळीस जणांना फुलाचं चित्र पाठवतो. सोमवारी पिवळं फूल, मंगळवारी गुलाबी, त्या त्या वाराचा जो रंग असेल ते. ह्यापलीकडे त्यानं इंटरनेटला कधी त्रास दिला नाही. आणि तरीही कुठल्या दुकानातलं नेट धावतं आणि कुठलं रांगतं, हे सांगण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या शहरात कुणी नाही.

ही विद्या त्याला आठ वर्षांपूर्वी लाभली. एका परदेश्याला त्यानं एका दुकानाशी सोडलं, तो दोन मिनिटांत चेहरा पाडून परत आला. दुसऱ्या दुकानाशी सोडलं, तिथूनही परत. तिसऱ्या वेळी लुंगला राहवेना. तो गाडी लावून त्याच्या मागोमाग आत गेला आणि दाराशी उभा राहून बघत बसला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की नेट बघायला डब्याचे दिवे मोजायला नकोत, माणसांचे खांदे बघायचे. सगळ्यांचे खांदे कानाला लागलेले असतील तर नेट वाईट. खांदे खाली आणि पेल्यातला बर्फ विरघळून पाणी झालेला, तरी कुणाचं लक्ष नाही, म्हणजे नेट उत्तम. एखादा नळीनं बर्फ ढवळत छताकडे बघत असेल तर तिथं थांबण्यात अर्थ नाही.

दुकानांची पाट्यांवरची नावं त्याला पाठ होत नाहीत. त्यानं आपली ठेवली. लंगड्या मांजराचं दुकान. रुसलेल्या मालकिणीचं दुकान. खुर्च्या बोचतात ते दुकान. दुकानदार त्याला वशिल्याचा चहा पाजतात. तो चहा पितो, वर केकही खातो, आणि नेट वाईट असेल तर गिऱ्हाईक दुसरीकडे नेतो.

"चहा फुकट पिऊन वर बदनामी करतोस," रुसलेली मालकीण एकदा म्हणाली.

"चहाला मी कधी नावं ठेवली?" लुंग म्हणाला.

लुंगची बायको केओमा. गल्लीच्या तोंडाशी तिची शेवयांची गाडी. तिचं मत असं, की हा माणूस जगाचं नेट बघत फिरतो आणि घरातला नळ सहा महिने गळतोय.

तर ह्या लुंगचा जिवलग मित्र बुनमा सोमवारी वारला. तोही लाल गाडीवालाच. बाजाराच्या दारापाशी रांगेत दोघांच्या गाड्या तीस वर्षं एकामागे एक उभ्या राहिल्या. तीस वर्षं दोघांचं एकाही रस्त्यावरून एकमत झालं नाही. सोमवारी दुपारी बुनमा रांगेत गाडी लावून डुलकी काढत होता. रांग पुढं सरकली, पण बुनमाची गाडी सरकली नाही. मागून लुंगनं चार वेळा हॉर्न वाजवला, खिडकीतून डोकं काढून त्याचा उद्धार केला, आणि मग उतरून गेला. त्यानंतर तीन दिवस लुंगनं हॉर्नला हात लावलेला नव्हता.

घरात शवपेटी ठेवून पाच दिवस सगळ्यांनी जमायचं, जेवायचं, गप्पा मारायच्या, मेलेल्याला एकटं पडू द्यायचं नाही, अशी आपली रीत. बुनमाचा एकुलता एक मुलगा मात्र तिथं नव्हता. त्याचं घरातलं नाव गोल्फ. गोल्फ कोरियात जहाजाच्या कारखान्यात वेल्डिंग करतो, आणि त्याला रजा मिळाली नाही. म्हणून अंत्यविधीच्या मंडळींनी मागच्या गल्लीतून एक नवी तार ओढून घेतली, उभ्या पंख्याचं पातं काढून त्या दांड्याला फोन बांधला, आणि तो शवपेटीकडे तोंड करून ठेवला. जेवणाच्या सुट्टीत गोल्फ तासभर त्यातून बापाकडे बघत बसायचा. दिवसभरात त्याला तेवढाच तास.

गुरुवारी सकाळी प्रासात यायचा होता. लाकडाचा, रंगीत कागदाचा, कळसाकळसांचा उंच मनोरा. पेटी त्यात बसवायची. बुनमा होता पाच फुटांचा. त्याची बायको चानफोंग कारागिराला म्हणाली, "जरा उंचच कर. जन्मभर सगळ्यांकडे मान वर करून बघत आला. एकदा तरी लोक त्याच्याकडे बघू देत."

कारागिरानं हे मनावर घेतलं.

आमच्या गल्लीत खांबाखांबावर काळ्या तारांची जी जाळी लोंबतात, त्यांच्याखालून असा मनोरा काढायचा म्हणजे एकजण टेम्पोच्या टपावर उभा राहतो. हातात दुबेळक्याचा लांब बांबू. तारा आल्या की त्या बेळक्यात धरून वर उचलायच्या, मनोरा खालून सरकू द्यायचा, मग अलगद सोडायच्या. हे काम नाजूक. लुंगनं ते दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

"बुनमाचा प्रासात आहे, मीच नेणार," म्हणाला आणि पोट सांभाळत टपावर चढला.

पहिला खांब पार पडला. दुसराही पडला. तिसऱ्या खांबाशी लुंगनं मूठभर जाडीचा जुडगा बेळक्यात घेतला, वर उचलला, कळस खालून सरकू लागला, आणि नेमकं तेव्हा केओमानं शेवयांच्या गाडीवरून हाक मारली, "सिंगखाऽऽम! गॅस संपलाय!"

लग्नाला अडतीस वर्षं झालेला माणूस अशा हाकेला मान वळवल्यावाचून राहत नाही. मान वळली, मानेबरोबर बांबू वळला. फटकन आवाज झाला आणि तो सगळा जुडगा लुंगच्या खांद्यावरून सापासारखा घरंगळत रस्त्यावर येऊन पडला. गल्लीतल्या एकूण एक घरातून एकदमच "अरे!" असं ऐकू आलं.

खाली गोळा झालेल्या म्हाताऱ्या हात जोडून म्हणाल्या, "बुनमाला जायचं नाहीये. अडवतोय बिचारा."

लुंगनं टपावरून खाली बघितलं. खुलासा करायला तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"हो," तो म्हणाला. "हट्टी होताच."

प्रासात पोचवून लुंग आपल्या गाडीशी आला तेव्हा नऊ वाजून गेले होते. गाडीपाशी रोमिना उभी होती. ही आर्जेन्टिनाची मुलगी, धोब्याच्या दुकानावरच्या खोलीत आठ महिने राहतेय. लुंगची नेहमीची सवारी. मोडकीतोडकी का होईना, इकडची भाषा बोलते, आणि केओमाच्या शेवयांत मिरची वाढवून मागते, त्यामुळे वस्तीला ती मान्य आहे. चौकोनी पिशवी तिनं पोटाशी धरली होती.

"लुंग, नेट मेलं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"आज माझी परीक्षा."

हे लुंगला ठाऊक होतं. महिनाभर ती दुसरं काही बोलत नव्हती. अमेरिकेतल्या इस्पितळांत स्पॅनिश बोलणारे आजारी येतात, डॉक्टरांना ती भाषा येत नाही, तर मध्ये बसून, म्हणजे इथं खोलीत बसून, दोघांचं बोलणं इकडचं तिकडं करायचं, अशी नोकरी. आधीची नोकरी पावसाळ्यात गेलेली. ही मिळाली नाही तर महिनाअखेर सामान बांधून घरी परत. परीक्षा साडेदहाला, चाळीस मिनिटांची. मोबाईलचं नेट चालणार नाही, भिंतीतून आलेली तार हवी. आणि मध्ये एकदा जरी तुटलं तर नापास, पुढचं वर्षभर परत बसता येणार नाही.

"आठवडाभर रोज ह्याच वेळी तपासलं मी," रोमिना म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "एकदा पण तुटलं नाही. आज कोण तोडलं?"

लुंगनं गाडीचं दार उघडलं. "बस पुढं. तुला मी पोचवतो."

डावीकडे वळताना तो श्वास ओढायला विसरला आणि हॉर्न आपोआपच वाजला. तीन दिवसांनी.

पहिलं लंगड्या मांजराचं दुकान. लुंगनं गाडी न थांबवता काचेतून आत बघितलं. आतली चौदा माणसं, अठ्ठावीस खांदे, सगळे कानाला लागलेले. अख्ख्या सांतितमची नेट गेलेली मंडळी तिथं येऊन एकाच तारेला लोंबकळत होती. लुंगनं गाडी तशीच पुढं काढली.

मग कालव्यापलीकडचं नवं दुकान. आत बर्फ विरघळतोय, खांदे खाली, स्वर्ग. रोमिना धावत आत गेली आणि तितक्याच वेगानं बाहेर आली.

"तिथं बोलायला बंदी," ती म्हणाली. "बोलायची पेटी एकच. त्यात एक माणूस बारापर्यंत."

"काय करतोय तो आत?"

"आईशी बोलतोय."

लुंगनं एक क्षण त्या माणसाला आणि त्याच्या आईला उद्देशून काहीतरी म्हटलं, ते इथं लिहिण्यात हशील नाही.

तिसरं रुसलेल्या मालकिणीचं. तिथलं नेट म्हणजे लुंगच्या लेखी शेवटचा शब्द. दार बंद. दारावर पुठ्ठा लटकवलेला, 'बुनमाच्या घरी गेले आहे. जेवून येईन.'

लुंग त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिला. दहा वाजून पाच मिनिटं. रोमिना पिशवीचा पट्टा बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. आणि लुंगला मागच्या गल्लीतून ओढलेली ती तार आठवली. मंगळवारी ती ओढायला त्यानंच विरोध केला होता. "मेलेल्या माणसाला कशाला हवं नेट?" म्हणाला होता. ती तार तिसऱ्या खांबावरून येत नव्हती.

"पोरी," तो म्हणाला, "मयताच्या घरात परीक्षा दिलेली चालते का तुमच्यात?"

बुनमाच्या अंगणात मांडवाखाली सत्तरएक माणसं होती. एका कोपऱ्यात चौघं लाकडी ठोकळ्यांवर सुऱ्यांनी मांस बारीक करत होते, टकटकटकटक. एका कोपऱ्यात बायका उखळात मिरच्या कुटत होत्या. घंटा-झांजांचं पथक रंगात आलेलं. आणि ह्या सगळ्याच्या वर नान इन्ताचा आवाज. नान इन्ता हा पूर्वीचा भिक्षू, आता वस्तीतले सगळे विधी तोच सांगतो. माईक एकदा त्याच्या हातात गेला की तो दुसऱ्याच्या हाती जाताना आजवर कुणी पाहिलेला नाही. कुणी फुलं आणली, कुणी तांदूळ, कुणी पाण्याच्या बाटल्या, सगळं तो नावानिशी जाहीर करत होता आणि दरवेळी सगळे "साधू!", म्हणजे 'उत्तम झालं', म्हणत होते.

चानफोंग काळा सदरा घालून शवपेटीपाशी बसली होती. लुंगनं तिला बाजूला घेऊन एका दमात सगळं सांगितलं. तार कुणी तोडली तेवढं सोडून.

चानफोंगनं रोमिनाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "जेवलीस का?"

"नाही, पण—"

"नंतर जेव. त्या कोठीच्या खोलीत डबा आहे नेटचा. तांदळाच्या पोत्यावर बसावं लागेल." मग ती लुंगकडे वळली. "पण दोन्ही एकदम चालत नाही रे. काल मंडळींनी मोबाईल जोडले त्याला, तर गोल्फचं चित्र गोठलं. आणि त्याची सुट्टी आत्ताच होणार. वीस मिनिटं दहाला कमी— नाही, दहा वीसला. मग तासभर."

रोमिनाला शब्द सगळे कळले नाहीत, पण अर्थ कळला. ती म्हणाली, "नको, आई. मुलगा बघू दे. मी जाते."

"तू थांब," चानफोंग म्हणाली. "माझा मुलगा आहे, मी विचारते. नाही म्हणाला तर नाही."

दहा वीसला पंख्याच्या दांड्यावरच्या फोनमध्ये गोल्फ आला. डोक्यावर शिरस्त्राण, हातात डबा. चानफोंगनं त्याला सरळ विचारलं. गोल्फचा हात डबा उघडता उघडता थांबला. लुंगला वाटलं, चित्र गोठलं. पण गोल्फची पापणी लवली.

"चाळीस मिनिटं?" गोल्फ म्हणाला.

"चाळीस."

"तिला नोकरी नसेल तर परत जावं लागेल?"

"हो."

"मी कोरियाची परीक्षा दिली तेव्हा लाईट गेली होती, आई. आठवतं? बाबांनी गाडीचे दिवे खिडकीतून आत मारले होते." गोल्फनं डबा खाली ठेवला. "दे तिला. पण बाबांजवळ कुणीतरी बसा. उगीच नाही, नीट बसा."

"मी बसतो," लुंग म्हणाला. आणि मग त्यालाच वाटलं हे कमी पडतंय. "माझ्या मोबाईलवर फोन कर. चित्र नाही येणार, मोबाईलच्या नेटला आज सगळी वस्ती लटकलीय, पण आवाज येतो. मी सांगतो तुला इथलं."

आता उरलं ते शांततेचं. साडेदहाला पाच मिनिटं कमी होती. घंटा-झांजवाल्यांकडे चानफोंगनं नुसतं बघितलं, ते थांबले. उखळं थांबली. मांस कापणाऱ्यांना लुंगनं सांगितलं तेव्हा चौघांनी सुऱ्या जिथल्या तिथं वर धरल्या, जणू कुणी फोटो काढतंय. केओमा आलेलीच होती, तिनं अंगणातला कोंबडा पकडून काखेत दाबला. राहिला नान इन्ता.

"चाळीस मिनिटं?" नान इन्ता हादरला. "सिंगखाम, अजून अकरा नावं राहिलीत माझी!"

"नंतर घे."

"पुण्य असं थांबवता येत नाही."

"कोठीत एक पोर परीक्षेला बसलीय. तिच्यासाठी गप्प बसणं हेही पुण्यच. तुझ्याइतकं मोठं गप्प बसणं कुणाला जमणार आहे?"

नान इन्तानं ह्यावर विचार केला. त्यानं माईकचं बटण बंद केलं, पण माईक मांडीवरच ठेवला.

कोठीचं दार लागलं. आणि वस्तीच्या आठवणीत पहिल्यांदा मयताच्या घरात सत्तर माणसं काहीही न करता बसली. आतून रोमिनाचा आवाज येऊ लागला, एकदा घाईघाईचा आणि एकदा संथ.

चानफोंग कुजबुजली, "आत दोघीजणी आहेत का?"

"एकच. दोन्हीकडून बोलतेय," केओमा कुजबुजली. "माझ्यासारखी. मी पण ह्याच्या वतीनं मीच बोलते."

लुंग शवपेटीला पाठ टेकून जमिनीवर बसला. कानाला फोन. तिकडे गोल्फ जेवत होता, घास गिळल्याचा आवाज येत होता.

"सांगा काका," गोल्फ म्हणाला.

 एकतीस वर्षं लुंग काचेतून बघत आला, पण जे दिसतं ते कुणाला सांगायची वेळ कधी आली नव्हती. "माणसं आहेत," तो कुजबुजला. "बरीच."

"कोण कोण?"

"तुझी आत्या. कागदी फुलं करतेय. वाकडी होतायत. कुणी सांगायला धजत नाही." लुंगला जरा वाट सापडली. "तो सुतार आलाय. बापाशी तुझ्या बोलत नव्हता ना? तोच. आला, पेटीपाशी बसला, अर्धा तास रडला, आणि आता तिसऱ्यांदा जेवायची वाट बघतोय. नान इन्ता गप्प आहे. खोटं नाही सांगत. घाम फुटलाय त्याला. हात सारखा माईककडे जातो, तो दुसऱ्या हातानं धरून ठेवतोय."

तिकडून हसल्यासारखा आवाज आला.

"प्रासात कसा आहे?"

"उंच. फार उंच. मांडवाचं कापड कापावं लागलं. कळस आता आंब्याच्या फांदीत घुसलाय, आणि त्यावर एक मैना येऊन बसलीय. बाप तुझा खाली झोपलाय आणि वर मैना. जिवंतपणी इतका रुबाब नव्हता त्याचा."

"आणि फोटो? कुठला लावलाय?"

लुंगनं मान वळवून फोटोकडे बघितलं. तीन दिवस तो त्याकडे बघायचं टाळत होता. "निळ्या शर्टातला," तो म्हणाला. "तो शर्ट माझा आहे, गोल्फ. दोन वर्षांपूर्वी लग्नाला घालून गेला, परत दिला नाही. विचारलं की म्हणायचा धुवायला टाकलाय." तो थोडा थांबला. "शोभतो त्याला. माझ्या अंगावर असा दिसत नव्हता."

तिकडे घास गिळल्याचा आवाज थांबला होता.  कोठीतून रोमिनाचा संथ आवाज येत होता. कुणालातरी धीर देत असावी. ती भाषा इथं कुणालाच येत नव्हती, पण आत्याची बोटं फुलावर थांबली होती.

"गोल्फ," लुंग एकदम म्हणाला, "वस्तीत आज नेट गेलं ना, ती तार मी तोडली. बांबू मीच धरला होता."

"मग आई तर म्हणाली बाबांनी अडवलं."

"ते म्हाताऱ्या म्हणाल्या. मी नाही म्हणालो नाही."

"बाबांवर ढकललंत?"

"तो कुठं काही बोलणार होता."

आणि गोल्फ हसायला लागला. मग ते हसू राहिलं नाही, दुसरंच काही झालं, आणि बराच वेळ चाललं. लुंग फोन कानाला दाबून धरून बसला. लुंगचं स्वतःचं नाकही वाहत होतं आणि शिंकरायची सोय नव्हती. केओमानं लांबून हे बघितलं. ती उठली, कोंबडा आत्याच्या काखेत दिला, आणि येऊन नवऱ्याच्या हातात फडकं ठेवून गेली. एक शब्द न बोलता. वस्तीत ह्याचीही नोंद घेतली गेली.

अकरा वाजून अकरा मिनिटांनी कोठीचं दार उघडलं. रोमिनाच्या कपाळावर तांदळाची धूळ होती. सत्तर माणसं, चार सुऱ्या, एक कोंबडा, सगळे तिच्याकडे बघत होते. मयताच्या घरात हसावं की नाही, हे तिला समजेना, म्हणून चेहरा कसाबसा आवळून ती उभी राहिली.

"तुटलं?" लुंगनं विचारलं.

तिनं मान हलवली. "एकदा पण नाही. परीक्षेच्या बाईनं लगेच सांगितलं. घेतलं मला."

"मग हस की," चानफोंग म्हणाली. "ह्यांनी तीन दिवस दुसरं काय केलंय असं वाटतं तुला?"

नान इन्तानं माईकचं बटण एवढ्या जोरात दाबलं, की सगळ्या कर्ण्यांतून किंकाळी निघाली. "रोमिना!" तो गरजला. चार गल्ल्यांना ऐकू गेलं. "देश आर्जेन्टिना! मुक्काम धोब्याच्या वर! बुनमाच्या घरच्या तारेवर परीक्षा दिली, पास झाली! हे पुण्य बुनमाला पोचो!"

"साधू!" अंगण म्हणालं. सुऱ्या खाली आल्या, टकटकटकटक.

चानफोंगनं रोमिनापुढं चिकट भात आणि हांगले नावाची मांसाची आमटी ठेवली आणि पंख्यावरच्या फोनकडे धावली. चित्र परत आलं. सुट्टीची नऊ मिनिटं उरली होती. गोल्फचे डोळे लाल होते. त्यानं पेटी बघितली, मनोरा बघितला, मैना मात्र उडून गेली होती. रोमिना तोंडातला घास तसाच ठेवून फोनसमोर आली आणि हात जोडून एवढी वाकली, की गोल्फला नुसते केस दिसले.

"जेवा, जेवा," गोल्फ म्हणाला. मग म्हणाला, "काका कुठायत?"

लुंग फोनसमोर गेला. चेहरा फार जवळ आल्यानं गोल्फला त्याचं एक नाक आणि अर्धी मिशी दिसत असावी.

"काका, उद्या सुट्टीत पण तुम्हीच फोन करा."

"अरे, उद्या चित्र आहे ना! उद्या तार तुझीच."

"चित्रात पेटी दिसते नुसती," गोल्फ म्हणाला. "काल तासभर तीच बघितली. त्या मैनेचं मला कोण सांगणार?"

तिकडे कारखान्याचा भोंगा झाला.

दुसऱ्या दिवशी सव्वादहालाच लुंग शवपेटीला पाठ टेकून, फोन हातात घेऊन तयार होता. सकाळपासून त्यानं गाडी काढली नव्हती. कोण कुठं बसलंय, काय खातंय, कोण कुणाशी बोलत नाही, हे तो मांडवात हिंडून नीट बघून आला होता.

"आज लवकर बसलास?" केओमानं विचारलं.

"सांगण्यासारखं पुष्कळ आहे."

"घरी अडतीस वर्षांत एवढं बोलला नाहीस," ती म्हणाली, आणि ऐकायला त्याच्या शेजारी बसली.